नियामकांचा अधिकार आणि लोकांचा कौल : पेडणे-डिचोलीच्या अनुभवातून

लोकशाहीत सत्ता निवडणुकीतून मिळते हे सर्वमान्य असले, तरी आधुनिक राज्यकारभारातले कितीतरी निर्णय मतपेटीपर्यंत कधीच जात नाहीत. विजेच्या युनिटला काय दर लावायचा, खाणीतून वर्षाला किती टन खनिज काढू द्यायचे, भरतीरेषेपासून किती अंतरावर बांधकाम चालेल, विमानतळासाठी पठार सपाट केले तर पायथ्याच्या गावांतल्या झऱ्यांचे काय होईल, असे प्रश्न ज्या मंडळांकडे, आयोगांकडे आणि तज्ज्ञ समित्यांकडे सोपवले जातात, त्यांना ढोबळमानाने नियामक संस्था म्हणतात. त्यांतील सदस्यांना कोणी मत दिलेले नसते, तरीही त्यांच्या एका शेऱ्याने हजारो कुटुंबांची रोजीरोटी चालू राहते किंवा थांबते. म्हणून त्यांच्या बाबतीत कायदेशीरपणाच्या पलीकडचा एक प्रश्न उभा राहतो, तो अधिमान्यतेचा. कायद्याने अधिकार मिळालेला असणे हा कायदेशीरपणा झाला. निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी तो मानला पाहिजे असे त्या निर्णयाने बांधल्या जाणाऱ्या माणसांना वाटणे, ही अधिमान्यता. पहिली गोष्ट राजपत्रातून मिळते, दुसरी मिळवावी लागते आणि गमावताही येते.

राज्यशास्त्रात या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. इटालियन अभ्यासक जानदोमेनिको मायोने यांनी असा युक्तिवाद केला, की निवडून आलेल्या सरकारची नजर पुढच्या निवडणुकीवर असल्यामुळे दीर्घ मुदतीची वचने पाळणे त्याला अवघड जाते, आणि म्हणूनच काही निर्णय बहुमताच्या राजकारणापासून हेतुपुरस्सर दूर ठेवलेल्या संस्थांकडे देण्यात शहाणपण असते. जर्मन राज्यशास्त्रज्ञ फ्रिट्झ शार्प्फ यांनी अधिमान्यतेचे दोन उगम दाखवले : लोकांचा सहभाग हा एक आणि लोकांना उपयोगी पडणारा परिणाम हा दुसरा. पुढे व्हिव्हियन श्मिट यांनी त्यांत तिसऱ्याची भर घातली. सहभाग आणि परिणाम यांच्या मधली जी प्रक्रिया असते, म्हणजे माहिती कशी गोळा केली, कोणाला ऐकले, कारणे कशी नोंदवली, तिच्यातूनही अधिमान्यता येते किंवा जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. मतपेटीचे पाठबळ नसलेल्या आणि ज्यांचा परिणाम दिसायला वीस-वीस वर्षे लागतात अशा संस्थांच्या बाबतीत हा तिसरा उगमच सर्वांत महत्त्वाचा ठरतो, हे गोव्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांत, डिचोली आणि पेडणे येथे, गेल्या काही वर्षांत घडलेल्या घटनांवरून स्पष्ट दिसते.

लोकानुनयवादाचा या संस्थांशी मुळातच झगडा असतो. लोकानुनयवाद म्हणजे केवळ मोफत तांदूळ किंवा वीजबिलात माफी नव्हे. यान-वेर्नर म्युलर यांच्या विवेचनानुसार, ‘खऱ्या लोकांचे प्रतिनिधी आम्ही आणि फक्त आम्हीच’ हा दावा त्याच्या मुळाशी असतो. मग त्या दाव्याच्या आड येणारे न्यायालय, मध्यवर्ती बँक किंवा तज्ज्ञ समिती आपोआपच लोकविरोधी ठरते. तुर्कस्तानात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर एकामागोमाग बदलले, कारण व्याजदर कमी ठेवण्याची त्यांची इच्छा बँक पुरेशा तत्परतेने पुरी करत नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली अधिकृत वार्षिक महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली. नियामकावर असा उघड हल्ला झाला म्हणजे निदान तो दिसतो. गोव्यात तसे काही करण्याची गरज सहसा पडत नाही, कारण इथला नियामक सत्तेपासून फारसा दूर कधी गेलेलाच नसतो. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष आणि सदस्य राज्य सरकार नेमते, आणि मोठ्या प्रकल्पांची छाननी करणारी केंद्रीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती ही स्वतंत्र आयोग नसून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ठरावीक मुदतीसाठी बसवलेली समिती असते. जिला वाकवता येते ती संस्था मोडण्याचे कष्ट कोण घेणार?

याला गोव्याच्या आकाराचीही जोड आहे. चाळीस सदस्यांच्या विधानसभेत एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आत-बाहेर मतदार असतात, आमदार घराघरांत ओळखीचा असतो आणि काही शे मतांनी जागा इकडची तिकडे होते. अशा ठिकाणी दोन-चारशे ट्रकमालकांची किंवा एका वाड्यावरच्या कुळांची नाराजी थेट मंत्रालयापर्यंत पोहोचते. हा दोष आहे असे मानण्याचे कारण नाही, उलट लोकशाहीचे हे एक सुखच आहे. पण जिथे प्रत्येक नियमाला एक ओळखीचा चेहरा आडवा येतो, तिथे नियम सर्वांना सारखा लावणारी संस्था उभी करणे अधिक कठीण जाते.

डिचोली तालुक्यातील लोहखनिजाच्या खाणी हे या कठीणपणाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. पोर्तुगीज राजवटीत खाणी कायमस्वरूपी सवलती म्हणून दिल्या गेल्या होत्या. मुक्तीनंतर पाव शतकाने, १९८७ मध्ये, संसदेने कायदा करून त्या सवलती रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे खाणपट्ट्यांत, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘लीजां’त, रूपांतर झाल्याचे घोषित केले. या लीजांचे पहिले नूतनीकरण वीस वर्षांचे होते आणि त्याची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. त्यानंतर काय झाले हे नियामकांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे : काहीच झाले नाही. नूतनीकरणाचे अर्ज सरकारदरबारी पडून राहिले, अर्ज निकाली निघेपर्यंत लीज चालूच असल्याचे मानण्याची एक तरतूद नियमांत होती, आणि तिच्या आधाराने पुढची पाच वर्षे खाणी चालल्या. हाच काळ चीनच्या मागणीचा होता. पूर्वी ज्याला गिऱ्हाईक नव्हते त्या कमी लोहांशाच्या मातीलाही भाव आला आणि गोव्यातून होणारी वार्षिक निर्यात ५ कोटी टनांच्या आसपास पोहोचली. एक टन खनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे डंप डोंगरांएवढे झाले आणि पावसाळ्यात ती शेतांत व ओहोळांत उतरू लागली. शिरगावसारख्या गावात खाणींचे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेल्यामुळे विहिरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली.

या पाच वर्षांत नियामक संस्थांची वाण होती असे अजिबात नाही. खाण आराखडे मंजूर करणारा भारतीय खाण ब्युरो होता, पर्यावरण दाखले देणारे केंद्रीय मंत्रालय होते, संमतीपत्रे देणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ होते, रॉयल्टी घेणारे राज्याचे खाण खाते होते. प्रत्येकाकडे कागद होता आणि प्रत्येकाचा कागद दुसऱ्याच्या कागदाकडे बोट दाखवत होता. केंद्राने २०१० मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरील अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, तेव्हा त्यात बेकायदा उत्खननामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज होता आणि अभयारण्यांजवळच्या खाणींना आवश्यक परवानग्यांशिवाय चालू दिल्याबद्दल ताशेरेही होते. आकड्याबद्दल वाद झाला, आजही होतो. पण पुढचा घटनाक्रम पाहण्यासारखा आहे : १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, १४ सप्टेंबरला केंद्रीय मंत्रालयाने पर्यावरण दाखले स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन व वाहतूक थांबवली. पाच वर्षे ज्यांना काही दिसले नव्हते, त्यांना पाच दिवसांत सगळे दिसले.

‘गोवा फाउंडेशन’ या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सारे उत्खनन बेकायदा ठरवले, तज्ज्ञ समितीच्या आधारे वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा तूर्त घातली, लीजच्या हद्दीबाहेर माती टाकण्यास मनाई केली आणि ई-लिलावातून येणाऱ्या रकमेचा दहावा भाग पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायम निधीत ठेवण्यास सांगितले. यातली प्रत्येक गोष्ट नियामकाने करायची होती. उत्पादनाची मर्यादा ठरवणे हे न्यायाधीशांचे काम नव्हे. पण ज्याचे काम होते त्याची खुर्ची रिकामी असल्यामुळे ते न्यायालयाकडे आले, आणि न्यायालयाच्या हातात हळूहळू वळवण्याची कळ नसते, बंद करण्याची असते.

त्यानंतर जे झाले ते अधिक बोलके आहे. राज्य सरकारने ८८ लीजांचे दुसरे नूतनीकरण २०१४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०१५ च्या पहिल्या पंधरवड्यात उरकले. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राचा वटहुकूम निघाला, त्यामुळे खाणपट्टे लिलावानेच देणे बंधनकारक झाले. वटहुकमाच्या आधीच्या दिवसांतील ही लगबग सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने सर्व ८८ नूतनीकरणे रद्द करून १५ मार्चनंतर उत्खनन बंद करण्याचा आदेश दिला. त्या मार्चमध्ये ‘गोवा मायनिंग पीपल्स फ्रंट’च्या झेंड्याखाली खाण अवलंबित पणजीत उतरले आणि मांडवी पुलाकडचे रस्ते अडवले गेले. कर्ज काढून टिप्पर घेतलेले, बार्जवर काम करणारे, गॅरेज आणि खानावळी चालवणारे हे लोक होते. त्यांच्या रोषाला लोकानुनय म्हणून हिणवणे सोपे आणि अन्यायाचे ठरेल. लीज कधी संपली, नूतनीकरण किती घाईत झाले, याची माहिती त्यांना कोणत्याही नियामकाने कधी दिली नव्हती; त्यांना दिसला तो फक्त दिल्लीहून आलेला आदेश. तक्रार खरी असते, पण तिचा पत्ता चुकतो, आणि तो चुकवण्यात ज्यांचा फायदा असतो ते नेते पुढे येऊन ‘आम्ही तुमच्या बाजूचे, कोर्ट आणि एनजीओवाले तुमच्या विरोधात’ असे सांगतात. सरकारच्या घाईने घडलेली बंदी अशा रीतीने सरकारच्या विरोधकांच्या नावावर जमा झाली.

लोकांच्या नावाने बोलायचे तर ‘लोक’ कोण, हाही प्रश्न गोव्यात सुटलेला नाही. जुलै २०२१ मध्ये विधानसभेने घाईघाईने संमत केलेल्या भूमिपुत्र अधिकारिणी विधेयकात तीस वर्षे गोव्यात राहिलेल्यास भूमिपुत्र मानून राहत्या घराचा हक्क देण्याची तरतूद होती. तिच्यावर इतका गदारोळ झाला की विधेयक पुढे रेटण्याचा विचार सरकारला सोडावा लागला. डिचोलीपुरते पाहिले तरी ट्रकमालक ‘लोक’ आहेत, आणि ज्यांच्या शेतात लाल चिखल उतरतो ते कूळही ‘लोक’च आहेत, पुष्कळदा दोघे एकाच घरात राहतात, एकाच ताटाला बसतात. अशा घराचा कौल मतपेटीतून एका शब्दात निघू शकत नाही. त्याच्या दोन्ही हितांचा हिशेब मांडणारी जागा मतपेटीबाहेर असावी लागते, आणि नियामक संस्थेची खरी गरज इथेच आहे.

कायद्याने ही जागा जनसुनावणीच्या रूपाने निर्माण केली आहे, म्हणून तिची रचना जवळून पाहणे आवश्यक आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या खाणी किंवा विमानतळ यांसारख्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवाल, म्हणजे प्रकल्पामुळे हवा, पाणी, जमीन, जंगल आणि वस्ती यांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास, तयार करावा लागतो. तो अहवाल प्रकल्पाचा मालकच स्वतःच्या पैशाने सल्लागाराकडून करून घेतो. त्यानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान तीस दिवसांची सूचना देऊन प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या जवळ सुनावणी भरवते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी बसतो, कामकाजाचे चित्रीकरण होते, आणि शेवटी नोंदलेले मुद्दे स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचे असतात. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, संपूर्ण अहवाल मात्र इंग्रजीत, शेकडो पानांचा आणि तक्त्यांचा असतो. गणसंख्येची अट नाही, म्हणजे पाच माणसे आली तरी सुनावणी झाली. मतदान नाही, म्हणजे पाचशे माणसांनी विरोध केला तरी प्रकल्प नाकारला गेला असे होत नाही.

हा शेवटचा मुद्दा बहुतेक वादांच्या मुळाशी आहे. मंडपात आलेला गावकरी आपण कौल देतो आहोत असे समजतो; कायदा समजतो की तो माहिती देतो आहे. दोघांपैकी कोणाचीही समजूत खोटी नाही, फक्त त्या एकमेकींना भेटत नाहीत. इतिवृत्त दिल्लीला जाते, तिथे तज्ज्ञ समितीपुढे खुलासा करायला प्रकल्पाच्या मालकाला बोलावले जाते, ज्याने आक्षेप घेतला त्याला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी अटींची एक लांबलचक यादी आणि दाखला बाहेर पडतो. कोणता आक्षेप का मान्य झाला आणि कोणता का फेटाळला, हे त्यातून शोधून काढणे जाणकारालाही अवघड जाते.

डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झालेल्या गोव्यातील पहिल्या चार खाण ब्लॉकांपैकी तीन डिचोली तालुक्यातले होते, आणि त्यांतला सुमारे ४७८ हेक्टरांचा डिचोली ब्लॉक वेदांता कंपनीला मिळाला. लिलाव पारदर्शक होता, राज्याच्या तिजोरीला त्यातून पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा वाटा मिळणार होता, आणि लीजवाटपातल्या जुन्या मेहेरबानीवर तो उतारा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण नकाशावर आखलेल्या त्या ब्लॉकच्या रेषेत मुळगाव, मये, शिरगाव या गावांची घरे, देवळे, तळी आणि शेते आली. मयेच्या लोकांना दूरच्या सत्तेचा अनुभव नवा नाही. पोर्तुगालला निघून गेलेल्या जमीनदाराची मालमत्ता म्हणून त्यांची घरेदारे दशकानुदशके कस्टोडियनच्या ताब्यात होती आणि त्यावर तोडगा काढणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. लोकवस्ती, देवळे आणि शेती लीजच्या बाहेर काढा, ही मुळगावकरांची मागणी जनसुनावणीच्या आधीही होती, सुनावणीतही होती आणि २०२४ मध्ये खाण सुरू झाल्यावरही राहिली. पुढे पिळगावच्या शेतकऱ्यांनी सारमानसकडे जाणारी खनिज वाहतूक अडवली. मागणी अवाजवी असेल तर तसे कारणांसह सांगता आले असते, वाजवी असेल तर रेषा बदलता आली असती. यांतले काहीच स्पष्टपणे न झाल्यामुळे ज्या प्रश्नाची जागा मंडळाच्या फायलीत होती तो रस्त्यावर सोडवला जाऊ लागला.

पेडण्यात मोपा पठारावरच्या विमानतळाची कथा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते, आणि ती अधिक बोधप्रद आहे, कारण तिथे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने नियामकाची उत्तरपत्रिकाच तपासली. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर असल्यामुळे उत्तरेत दुसरा विमानतळ हवा, ही कल्पना १९९० च्या दशकापासून चर्चेत होती. पेडणे हा नव्या काबिजादीतला, सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेला, विकासाच्या नकाशावर नेहमी कडेला राहिलेला तालुका. तिथल्या अनेकांना विमानतळ म्हणजे रोजगार वाटला, तर दक्षिण गोव्यात दाबोळी बंद पडेल या भीतीने विरोध झाला. म्हणजे इथेही लोकांचा आवाज एक नव्हता.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मोप्यात जनसुनावणी झाली आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरण दाखला मिळाला. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये काही जादा अटी घालून तो कायम ठेवला. स्थानिक रहिवासी आणि ‘फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स’ यांच्या अपिलांवर २९ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल मात्र वेगळा होता. प्रकल्पाच्या अगदी पहिल्या अर्जात, ज्याला ‘फॉर्म एक’ म्हणतात, परिसरातील पंधरा किलोमीटरच्या आतली राखीव जंगले आणि पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती नीट दिलेली नव्हती. झाडांबाबतही तसेच झाले होते. पठारावर किरकोळ झुडपे असल्यासारखे चित्र कागदावर होते आणि प्रत्यक्षात तोडायच्या झाडांचा आकडा ५४ हजारांवर गेला. अपुऱ्या माहितीवर अभ्यासाची चौकट ठरली, त्या चौकटीत अहवाल बसला, अहवालावर सुनावणी झाली, आणि सुनावणीत लोकांनी मांडलेल्या हरकतींना तज्ज्ञ समितीने का महत्त्व दिले नाही याची कारणे तिच्या नोंदीत सापडेनात. न्यायालयाने दाखला स्थगित करून समितीला पुन्हा विचार करण्यास सांगितले.

या निकालाचे मर्म बरेचदा चुकीचे सांगितले जाते. न्यायालयाने विमानतळ हवा की नको हे ठरवले नाही, आणि तज्ज्ञांपेक्षा आपल्याला अधिक कळते असेही म्हटले नाही. उलट, तज्ज्ञांना जो मान दिला जातो तो त्यांच्या विचाराच्या खुणा कागदावर उमटल्या असतील तरच देता येतो, अशी त्याची भूमिका होती. पदवी आणि पद यांच्या जोरावर ‘आम्हांला सर्व ठाऊक आहे’ असे म्हणणारी समिती आणि ‘लोकांनी आम्हांला निवडले आहे, कारणे कसली विचारता’ असे म्हणणारा नेता, या दोघांच्या भूमिकेत वरवर दिसते तितके अंतर नाही. दोघांनाही प्रश्न विचारलेला आवडत नाही.

पुढे समितीने फेरविचार करून नव्या अटींसह शिफारस केली, १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली आणि अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे दिले. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. झाडे तर तुटलीच, मग निकालाने साधले काय, हा प्रश्न वाजवी आहे. फेरविचार त्याच समितीकडे, थोडक्या मुदतीत आणि बरेच काम पुढे गेल्यावर झाला. त्यामुळे त्यातून कागद सुधारला, पठाराच्या नशिबात फार फरक पडला नाही, असेच म्हणावे लागते. तरीही माहिती दडवली किंवा कारणे दिली नाहीत तर चालू प्रकल्पही थांबू शकतो, हे देशातल्या प्रत्येक तज्ज्ञ समितीला पेडण्याच्या निमित्ताने कळले.

पेडण्याच्या किनाऱ्यावर याहून जुने दुखणे आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने मोरजी आणि मांद्रे हे किनारे गालजीबाग व आगोंद यांच्याबरोबर कासवांच्या विणीचे म्हणून नावानिशी राखले; पण किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नोटिसा आणि प्रत्यक्षातली शॅक व रिसॉर्टांची रांग यांचा मेळ उच्च न्यायालयाला वारंवार घालावा लागतो. जमीनवापराच्या बाबतीत तर लोकांचा अविश्वास इतका मुरला आहे की आराखडा जाहीर होणे आणि आंदोलन उभे राहणे यांत दिवसांचेच अंतर उरते. ‘गोवा बचाव अभियान’ या लोकचळवळीनंतर प्रादेशिक आराखडा २०११ हा २००७ मध्ये रद्द झाला. २०२३ मध्ये पेडण्यासाठी नगरनियोजन खात्याने काढलेला झोनिंग आराखड्याचा मसुदाही विरोधामुळे मागे घेतला गेला. दोन्ही वेळी लोक जिंकले असे म्हणता येईल, आणि त्यांनी जागरूकपणा दाखवला नसता तर किती डोंगर आणि शेते गेली असती याचा विचारही करवत नाही. पण एक गोष्ट खटकते : आराखडा करताना अमुक शेत वस्तीच्या विभागात का घातले याचे कारण जसे दिले जात नाही, तसे तो मागे घेतानाही दिले जात नाही. कारणांशिवाय आलेली गोष्ट कारणांशिवाय जाते, आणि काही काळाने दुसऱ्या कलमाच्या आधाराने पुन्हा येते.

याच्या तुलनेत विजेच्या दरांची रचना, तीही परिपूर्ण नसली तरी, बरीच शहाणपणाची आहे. गोव्यातील वीजदर गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेला संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. त्याचे कार्यालय हरियाणात गुरुग्रामला असल्यामुळे पेडण्याच्या ग्राहकाला तो परका वाटणे साहजिक आहे. मात्र दरप्रस्ताव जाहीर करणे, हरकती मागवणे, गोव्यात येऊन सुनावणी घेणे आणि आदेशात एकेक हरकत, तिच्यावर वीज खात्याचे उत्तर व आयोगाचे मत क्रमाने छापणे, ही शिस्त तिथे आहे. २००३ च्या वीज कायद्याचे पासष्टावे कलम तर लोकानुनयाशी प्रामाणिक व्यवहार करते : राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर ते खुशाल देऊ शकते, पण त्यासाठीची रक्कम त्याने आगाऊ भरली पाहिजे. म्हणजे लोकांना खूश करण्याचा निवडून आलेल्यांचा हक्क शाबूत राहतो, फक्त त्याची किंमत अर्थसंकल्पात दिसते, नियामकाच्या दरपत्रकात लपत नाही. खाणीच्या बाबतीत अशी तरतूद असती, आणि खाण अवलंबितांना मदत हवी म्हणून २०१५ च्या जानेवारीत घाईने लीजा वाटण्याऐवजी सरकारला ती मदत उघडपणे तिजोरीतून द्यावी लागली असती, तर २०१८ चा मार्च कदाचित टळला असता.

अधिमान्यता गमावलेल्या नियामकाला लोकानुनयवादाने मारले, असे म्हणणे गोव्याच्या अनुभवाला धरून नाही. डिचोलीत नियामक गप्प बसला आणि पेडण्यात त्याने निर्णय दिला पण कारणे दिली नाहीत. दोन्हीकडे रिकाम्या राहिलेल्या जागेत न्यायालय, पुढारी आणि मोर्चा आळीपाळीने शिरले. तेव्हा उपाय नियामकाला लोकप्रिय करण्यात नाही, आणि त्याला लोकांपासून अधिक दूर नेण्यातही नाही. मंडळाच्या अध्यक्षाला सरकार बदलले तरी न ढळणारी ठरावीक मुदत असावी, परिणाम मूल्यांकनाचा सल्लागार प्रकल्पाच्या मालकाने न नेमता मंडळाने नेमावा आणि खर्च मालकाकडून वसूल करावा, संपूर्ण अहवाल कोकणी-मराठीत पंचायतीत ठेवावा, आणि दाखल्यासोबत प्रत्येक हरकतीचे मुद्देसूद उत्तर त्याच पंचायतीत लागावे, एवढ्या चार गोष्टी झाल्या तरी वादांचा सूर पुष्कळ बदलेल. त्यांतली शेवटची करायला नवा कायदाही लागत नाही, मोप्याच्या निकालानंतर तर कोणाला सबबही उरलेली नाही.

तोवर डिचोली आणि पेडण्यातल्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीच्या मंडपात गर्दी करण्याइतकाच लेखी हरकत देण्याचाही अधिकार आहे. सुनावणीला जाता आले नाही तरी ती मुदतीत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवता येते. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, शेतात माती कुठून उतरते, झरा कोणत्या सर्व्हे नंबरात आहे, हे नेमकेपणाने लिहून द्यावे आणि पोच घ्यावी. मोप्याचा दाखला न्यायालयात तपासला गेला तेव्हा घोषणांचा उपयोग झाला नाही, नोंदीत राहिलेल्या अशा हरकतींचाच झाला.